यांपैकी नाही

आमच्या तालुक्याच्या गावात मला ‘जीके सर’ म्हणतात. खरं नाव शिधापत्रिकेवर आहे, पण ते आता रेशन दुकानदारालाही आठवत नाही. सत्तावीस वर्षं मी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवतोय, आणि त्यातली एकोणीस वर्षं शाळेच्या सामान्यज्ञान परीक्षेचा पेपर काढतोय. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, खाडाखोड केल्यास गुण नाहीत. पेपर मी काढतो, मीच तपासतो आणि उत्तरसूचीही माझीच. म्हणजे कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ तिन्ही एकाच खुर्चीत. असं असू नये, हेही मीच सातवीला शिकवतो.

रस्त्यात कुणी विचारलं, “सर, आपलं राज्य फुलपाखरू कोणतं हो?” तर ब्ल्यू मॉर्मन एवढं सांगून मी थांबत नाही. राज्यप्राणी शेकरू, राज्यफूल ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, जिल्हे छत्तीस, छत्तिसावा पालघर, स्थापना १ ऑगस्ट २०१४... एवढं होईपर्यंत विचारणारा, बस आलेली नसतानाही, बसस्टॉपवरून नाहीसा झालेला असतो.

एकोणीस वर्षं पर्याय लिहून लिहून डोक्याला एक खोड जडली आहे. कोणताही प्रसंग समोर आला की आधी त्याचे चार पर्याय दिसतात. एका दिवाळीला बायकोनं नवी साडी नेसून विचारलं, “कशी दिसते?” माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं: (अ) छान (ब) बरी (क) महाग (ड) यांपैकी नाही. आणि सवयीनं मी शेवटचं मोठ्यानं वाचलं. त्या दिवाळीतल्या चकल्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही. त्या माझ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, “सर, गोदावरीची लांबी आणि कळसूबाईची उंची मुलांना पाठ झालीय. आता त्यांच्या रोजच्या उपयोगाचं काही घाला. गॅस, वीज, रस्ता, साप. सुरक्षिततेचं.” गोदावरी १,४६५ किलोमीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर या दोन आकड्यांत दरवर्षी निम्मा वर्ग गडबडतो, हे मी बाईंना सांगणार होतो. नाही सांगितलं. ‘दैनंदिन सुरक्षितता’ नावाचा दहा प्रश्नांचा विभाग सुरू केला.

आणि खरं सांगतो, मला त्याची गोडी लागली. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चावलेल्या जागी चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला हलू न देता दवाखाना गाठायचा. हे मी फळ्यावर सुवाच्य लिहून दिलं, तरी ‘साप चावल्यास प्रथम काय करावे?’ याला एकानं ‘ओरडावे’ असं लिहिलं होतं. प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब का असते? खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. हा माझा आवडता प्रश्न. तो मी ज्या रात्री काढला, त्या रात्री आमच्या घरी इस्त्रीचा प्लग तुटलेला होता आणि तिच्या दोन वायरी मी थेट सॉकेटात घालून आगकाड्यांनी घट्ट केल्या होत्या. बायकोनं पेपर वाचला, सॉकेटाकडे पाहिलं, मुख्य स्विच बंद केला आणि वायरी उपटल्या. “पेपर छान झालाय,” एवढंच म्हणाली.

मदतीचे नंबर पाठ करायची माझी युक्ती मात्र मला अजूनही आवडते. इतिहासाच्या मास्तराला चार आकडे दिसले की सन दिसतो. गॅस गळतीचा नंबर १९०६. त्याच वर्षी डिसेंबरात ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली. वीज गेल्याची तक्रार १९१२. त्या वर्षी बिहार आणि ओडिशा बंगालपासून वेगळे निघाले. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०, म्हणजे मिठाचा सत्याग्रह. मुलांसाठीची मदत १०९८, ती दहा-नऊ-आठ अशी उलटी मोजायची. रुग्णवाहिका १०८, जपमाळेच्या मण्यांइतकी. वर्गात हे सांगितलं की मुली टाळ्या वाजवतात. राहता राहिला ११२. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी एकच नंबर. पण त्याला काही सनावळी चिकटेना, आणि प्रश्न म्हणून तो इतका सोपा की पेपरात घालायला मला कमीपणा वाटला. जे पेपरात नाही ते माझ्याही लक्षात राहत नाही.

आता सातवी ‘ब’मधल्या सदतीस नंबरबद्दल सांगायला हवं. मुलाचं नाव सांगत नाही, हजेरीतला नंबर पुरे. वडिलांची स्टँडजवळ वड्याची गाडी. पोरगा पहाटे बेकरीतून पाव आणतो, मग शाळेत येतो आणि शेवटच्या बाकावर पिठाचा वास घेऊन बसतो. सामान्यज्ञानात पन्नासपैकी चौदा. १९४४ साली मुंबईच्या गोदीत ज्या जहाजाचा स्फोट झाला त्याचं नाव काय, याला मी दिलेले चारही पर्याय सोडून त्यानं ‘बोट’ असं लिहिलं होतं. पण माझी खरी चिडचिड झाली ती बेचाळिसाव्या प्रश्नाला. ‘कढईतील तेल पेटल्यास त्यावर काय टाकावे? (अ) पाणी (ब) पीठ (क) ओली वाळू (ड) यांपैकी नाही.’ उत्तर ‘ड’. यानं अक्षराची चौकट रिकामी ठेवून समासात लिहिलं, ‘झाकण. आधी ग्यास बंद.’ मी लाल पेननं शून्य दिला आणि खाली शेरा मारला: ‘पर्यायाचे अक्षर लिहा.’ ‘ग्यास’खाली रेघही मारली. तेव्हा शिस्त म्हणून बरं वाटलं होतं.

एप्रिलात अग्निशमन सेवा सप्ताह असतो. चौदा तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचे जवान सोळाला शाळेत येऊन प्रात्यक्षिक देणार होते. प्रास्ताविक माझं. मैदानाचा नकाशा मी स्वतः काढलेला: एक सेंटीमीटरला दोन मीटर प्रमाण, सूची, उत्तर दिशेचा बाण, सगळं रीतसर. उन्हाळ्याची सकाळची शाळा, सात दहाला घंटा.

त्या दिवशी पावणेसहाला आमचा सिलिंडर संपला.

सिलिंडर बदलणं हे आमच्या घरात माझ्याकडे सोपवलेलं एकमेव तांत्रिक काम. आंघोळीला निघालो होतो, अंगावर पंचा. तसाच स्वयंपाकघरात गेलो, भरलेला सिलिंडर एका हातानं गोल फिरवत आणला (हे मला येतं), झाकण काढलं, रेग्युलेटर बसवला आणि खटका फिरवला. फुस्स् असा बारीक आवाज सुरू झाला. मग वास आला.

वास येताच मी काय केलं? मी माहिती दिली. “लक्षात घे,” मी म्हणालो, “एलपीजीला स्वतःचा वास नसतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन. हा जो येतोय तो एथिल मरकॅप्टनचा. गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळतात.”

“मिसळला ना? कळली ना गळती?” ही म्हणाली. “मग सरका!”

पण माझ्यापुढे पर्याय उभे राहिले होते. गॅसचा वास आल्यास प्रथम काय करावे? (अ) पंखा लावून वास घालवावा (ब) दिवा बंद करावा (क) दारे-खिडक्या उघडाव्यात (ड) वरीलपैकी सर्व. आणि गेल्या दोन वर्षांत ज्या प्रश्नाचं उत्तर मलाच नीट आठवत नाही तिथे मी ‘वरीलपैकी सर्व’ हे उत्तर ठेवत आलोय. माझा हात एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे गेला.

“हात खाली!”

इतका खणखणीत आवाज मी शाळेच्या मोठ्या बाईंकडूनही ऐकलेला नाही. हात खाली आला. मग मी दिव्याच्या बटणाकडे वळलो.

“तेही नाही! चालू ते चालू, बंद ते बंद. काही दाबू नका. ठिणगी बंद करतानाही पडते.”

तोवर तिनं खटका बंद करून रेग्युलेटर काढला होता आणि सिलिंडरच्या तोंडावर ते दोरीला लटकणारं प्लास्टिकचं टोपण दाबून बसवलं होतं. फुसफुस थांबली. देवापुढची समई अजून लावलेली नव्हती, ते नशीब. मागचं दार सताड उघडलं. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत बसतो. वरची खिडकी उघडून तो जात नाही, दार उघडावं लागतं. हे वाक्य माझ्याच टिपणवहीत आहे, पान सोळा. तिनं टिपणवही वाचलेली नाही. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गॅस एजन्सीची माणसं येऊन बायकांना अर्धा तास हे सगळं करून दाखवून गेली होती, आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक लायटर दिला होता. त्या दिवशी मी ‘बायकांचं हळदीकुंकू’ म्हणून वाचनालयात जाऊन बसलो होतो आणि गॅस सुरक्षेवरचेच प्रश्न काढत होतो.

“मोबाइल घ्या आणि बाहेर जाऊन फोन करा. इथे नको,” ती म्हणाली, आणि आमच्या तेरा वर्षांच्या कन्येला अंथरुणातून उठवून तिच्या मागोमाग स्वतःही पुढच्या दारानं बाहेर आली. मागचं दार उघडं, खिडक्या उघड्या, पुढचं दार उघडं. पहाटेचा वारा एका बाजूनं आत शिरला आणि दुसऱ्या बाजूनं निघाला. जाताना त्यानं पुढचं दार लावून घेतलं.

आमच्या पुढच्या दाराला लॅच आहे. सुरक्षिततेसाठी मीच बसवून घेतलं. मागचं दार उघडतं ते भिंतीनं बंद केलेल्या चौकात. ती भिंतही मीच सहा फूट करून घेतली, वर काचा लावून. चोर येऊ नये म्हणून. चोर आलेला नाही आणि आता मालकालाही येता येत नव्हतं. किल्ली आत खुंटीला.

“शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली ठेवलीय मी,” ही म्हणाली. मी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लग्नानंतर तसं पाहिल्याचं आठवत नाही. पण काकूंच्या दाराला कुलूप होतं. काकू पहाटे टेकडीपर्यंत चालायला जातात आणि येताना दत्ताचं देऊळ, भाजी आणि दोन मैत्रिणी करून येतात.

ठीक आहे. निदान फोन तरी. गॅस गळतीचा नंबर मला झोपेतही येतो. चार आकडी, सन. कोणता सन? मी पायरीवर पंचा सावरून उभा आणि डोक्यात विचार सुरू: गॅस म्हणजे स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे मीठ. मीठ म्हणजे दांडी. साबरमती ते दांडी, १२ मार्च ते ६ एप्रिल. आपल्याकडे शिरोड्यालाही झाला सत्याग्रह. १९३०! मी आत्मविश्वासानं बटणं दाबली.

पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला. “बोला सर. किती रक्कम गेली?”

“रक्कम नाही हो, गॅस गेला.”

“गॅस बुकिंगच्या नावाखाली पैसे गेले का? लिंक आली होती का तुम्हाला?”

“लिंक नाही, लीक! लीक आहे!”

“लिंकवर क्लिक केलंत का सर?”

“खटका केला. रेग्युलेटरचा.”

“ओटीपी कुणाला सांगितलात?”

आता इथे कुणाचाही दोष नाही, हे नमूद करतो. ती मुलगी तिचं काम अतिशय चोख करत होती. फसवणूक झाल्यावर पहिला तास मोलाचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून ती भराभर विचारत होती. माझ्यामुळे तिची दोन मिनिटं गेली, त्या दोन मिनिटांत कुणाचे तरी खरे पैसे सरकले नसावेत अशी आशा करतो. शेवटी तिनंच ओळखलं आणि म्हणाली, “सर, गॅससाठी एकोणीसशे सहा लावा.”

“मुस्लिम लीग!” मी ओरडलो. तिनं फोन ठेवला.

“बाबा, मी कधीचा लावलाय,” कन्या पायरीवरून म्हणाली. तिनं तिच्या आईच्या फोनवरून १९०६ फिरवून पत्ता, ग्राहक क्रमांक सगळं सांगून टाकलं होतं. “तुम्हीच तर पाठ करून घेतला होतात. ढाका.”

एकूण, पद्धत चांगली आहे. फक्त ती बनवणाऱ्यावर चालत नाही.

साडेसहाला मुलं शाळेला निघतात. आमची गल्ली शाळेच्या वाटेवर आहे. पायरीवर मी पंच्यात, ही मॅक्सीवर टॉवेल घेऊन, कन्या चादर गुंडाळून. पहिली तुकडी आली ती सातवी ‘अ’च्या हुशार मुलींची. “नमस्ते सर!” तिघींनी एका सुरात म्हटलं. मग त्यातली पहिल्या नंबरची थांबली, आम्हा तिघांकडे नीट पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “सर, मॉक ड्रिल इथे आहे का?”

मी म्हणालो, हो. काय करणार? त्या वहीत काहीतरी लिहून घेऊन गेल्या.

त्यानंतरची पंधरा मिनिटं मी तपशिलात सांगणार नाही. एकूण एकशे दहा नमस्ते झाले. मी काही मोजत बसलो नव्हतो. शाळेत जाऊन मुलांनीच बेरीज केली.

मग सायकलवर सदतीस नंबर आला. कॅरियरला पावाची टोपली. त्यानं नमस्ते केलं नाही. सायकल टेकवली, हवा हुंगली, आणि हिला विचारलं, “मॅडम, रेग्युलेटर लावताच फुस्स् झालं का? मग वायसर गेला आसंल. आतला काळा. आमच्या गाडीवर दोनदा झालंय.” मग माझ्याकडे वळला. पावांवरचं पांढरं फडकं काढलं, झटकलं आणि माझ्या हातात दिलं. “खांद्यावर घ्या सर. बरं दिसतंय.”

मी घेतलं. पावाच्या पिठाचा वास होता.

एजन्सीचा माणूस काकूंच्या आधी आला. काकू आल्यावर दार उघडलं, त्यानं बॅटरी लावून सिलिंडरच्या तोंडात पाहिलं. वायसरला चीर. नवा बसवला, वर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडा आला नाही. मग विचारलं, “सर, सिलिंडर घेताना दारातच तपासून घ्यायचा असतो. बघितला नव्हता का?” मी सही केली होती. सही करताना त्या डिलिव्हरीवाल्या पोराला साडेचौदा नव्हे, चौदा पूर्णांक दोन किलो निव्वळ वजन कसं असतं हे समजावून सांगत होतो, त्यामुळे बघायचं राहिलं. मग त्यानं शेगडीची नारिंगी नळी वाकवून पाहिली. “ही किती जुनी?”

नळी दर पाच वर्षांनी बदलतात. प्रश्न क्रमांक त्रेचाळीस. आमची नळी कन्या बालवाडीत जायला लागली त्या वर्षीची. त्यानं ती कापून माझ्या हातात दिली. तिला चिरा पडल्या होत्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. भूगोलाच्या मास्तराला उपमा द्यायला बरी. हिनं ती उपमा ऐकून घेतली नाही.

सात चाळीसला शाळेत पोहोचलो. मैदानावर मुलं रांगेत बसलेली, लाल बंब उभा, तीन जवान घामानं निथळत आणि मोठ्या बाई घड्याळाकडे बघत. कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं, कारण मी आत येताच सातवी ‘अ’नं टाळ्या वाजवल्या.

शहाण्या माणसानं दोन वाक्यांत प्रास्ताविक उरकलं असतं. मी १४ एप्रिल १९४४पासून सुरुवात केली. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज, पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, तिन्ही एकाच ठिकाणी. दुपारी कापूस पेटला, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासानं दुसरा. आग विझवायला गेलेले सहासष्ट अग्निशामक मेले. म्हणून हा दिवस. हे सांगताना जवानांपैकी जो वयानं मोठा होता त्यानं टोपी काढली, आणि मी क्षणभर थांबलो. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला सोन्याच्या विटांचं सांगायचं होतं: त्या उडून लांबच्या घरांवर पडल्या, त्यातली एक एका पारशी गृहस्थाच्या छपरातून थेट आत आली. मुलांना ते आवडतं. एक वीट किती किलोची, यावर गेलो तेव्हा मोठ्या बाईंनी खोकून दाखवलं.

जवानानं अर्ध्या पिंपात लाकडाचे तुकडे आणि थोडं डिझेल टाकून पेटवलं. लाल नळकांडं माझ्या हातात दिलं. “सर करून दाखवतील,” मोठ्या बाई म्हणाल्या. यात सूड होता असं मला वाटत नाही. थोडा असेल.

मला चारही पायऱ्या पाठ: पिन काढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, इकडून तिकडे फिरवा. मी त्या माईकवर खणखणीत सांगितल्या. मग दांडा दाबला. काही झालं नाही. आणखी जोरात दाबला.

“पिन काढा सर!” साडेतीनशे मुलं एका आवाजात. प्रार्थनेलाही एवढा एक सूर कधी लागला नव्हता.

पिन काढली. आता ही जी पावडर असते ती मोनो अमोनियम फॉस्फेट, हे सांगावंसं वाटलं म्हणून मुलांकडे वळलो. वळताना दांडा दाबलेलाच होता. छोटं नळकांडं फार तर दहा-पंधरा सेकंद चालतं. माझं वाक्य साधारण तेवढंच चाललं. वारा समोरून होता. पावडर संपली तेव्हा पिंपातली आग होती तशी होती. मोठ्या बाई, पहिली रांग आणि मी मात्र पूर्णपणे विझलो होतो.

जवान काही बोलला नाही. दुसरं नळकांडं घेतलं, वाऱ्याकडे पाठ केली, दोन पावलं पुढे, ज्वाळेकडे न बघता तिच्या बुडाशी मारलं. तीन सेकंदांत आग गेली. मग त्यानं मुलांना विचारलं, “बरं, घरी कढईतलं तेल पेटलं, तर वर काय टाकाल?”

माझी छाती भरून आली. हा तर माझा प्रश्न! बेचाळिसावा! आणि माझी मुलं, माझ्या हाताखाली तयार झालेली, अख्खी सातवी, हात वर करून ओरडली:

“ड!”

जवान गोंधळला. “ड म्हणजे? डबा?”

“यांपैकी नाही!” पहिल्या नंबरच्या मुलीनं उभं राहून खुलासा केला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावरची पावडर पुसत होतो. ती बराच वेळ पुसावी लागली.

तेवढ्यात मागून, शेवटच्या रांगेतून, उभंही न राहता, आवाज आला. “झाकण. आधी ग्यास बंद.”

“शाब्बास! इकडे ये,” जवान म्हणाला. त्यानं सदतीस नंबरला पुढे घेतलं आणि मुलांना समजावलं. पाणी तेलाखाली जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते, वाफ कितीतरी पटींनी फुगते आणि पेटतं तेल वर, तोंडावर उडवते. झाकण ठेवलं की हवा तुटते, आग मरते. आणि लगेच उघडून बघायचं नाही, थंड होऊ द्यायचं. “तुला कुणी शिकवलं?” त्यानं विचारलं. पोरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गाडीवर पेटली होती एकदा. परात ठेवली.” लाल शेऱ्याबद्दल तो काही बोलला नाही. मी असतो तर बोललो असतो.

दुपारी कपाट उघडून सातवी ‘ब’चा गठ्ठा काढला. त्याच्या पेपरातल्या बेचाळिसाव्या शून्यावर काट मारली आणि एक लिहिला. एकूण पंधरा. माझ्या नियमाप्रमाणे खाडाखोड केल्यास गुण नाहीत, त्यामुळे खाली सही करून तारीख घातली. ‘पर्यायाचे अक्षर लिहा’ हे काही खोडता येईना. लाल शाई होती. त्याचं फडकं धुऊन परत दिलं तेव्हा त्यानं वास घेऊन पाहिला आणि विचारलं, “सर, साबण लई लावलाय का?” त्या दिवशीच्या पावांना म्हणे चंदनाचा वास येत होता.

आता तुम्ही. तुमच्या सिलिंडरच्या गळ्याभोवती ज्या तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. आकडे म्हणजे साल. ती तारीख उलटून गेली असेल तर तो सिलिंडर घ्यायचा नाही, परत द्यायचा. तिथे गेलाच आहात तर नळीवरचं सालही वाचा. उठा, आत्ताच बघून या, मी थांबतो. आणि त्यासाठी घराबाहेर जावं लागत असेल, तर किल्ली घेऊन जा.